आजीचा हात फळीला का पोचेना

आमच्या जुन्या घरात चुलीच्या डाव्या हाताला एक फळी होती. तिच्यावर मिठाची बरणी, तिखटाचा डबा आणि आम्हा पोरांपासून लपवून ठेवलेली गुळाची भेली. मी लहान असताना आजी उभ्या उभ्या हात वर करून गूळ काढायची. मी कॉलेजात गेले तोवर तिला पाट घ्यावा लागायला लागला. पुढे पाटावर उभी राहिली तरी बोटं फळीच्या काठाशीच चाचपडायची. बाबा म्हणायचे, "माणूस म्हातारा झाला का वाकतेच." आजी म्हणायची, "कापूस येचू येचू पाठीचं धनुष्य झालं वं माय."

दोघांचंही अर्धंच खरं होतं. आजीच्या कण्यातले दोन मणके चेपलेले होते. ते आम्हाला कळलं एका एक्स-रेवरून, आणि तो एक्स-रे काढला होता खोकल्यासाठी.

मणका चेपतो म्हणजे काय होतं? मणक्याचा पुढचा भाग बसतो, मागचा तसाच राहतो. चौकोनी ठोकळ्याची पाचर होते. एक पाचर झाली की वरचा सगळा डोलारा थोडा पुढे कलतो. दोन-तीन झाल्या की कुबड दिसायला लागतं आणि उंची कमी होते. त्यासाठी पडायलाच पाहिजे असं नाही. पाण्याने भरलेला गुंड उचलताना होतं, एसटीच्या मागच्या सीटवर खड्ड्यात आदळल्यावर होतं. दुखलं तरी बाई म्हणते उसण भरली, आणि बाम चोळून दुसऱ्या दिवशी वावरात जाते. असे चेपलेले मणके तीनातले दोन तर कधी ओळखलेच जात नाहीत.

हाड म्हणजे कुडाची भिंत

हाड दगडासारखं असतं असं आपल्याला वाटतं. त्यापेक्षा ते आपल्या कुडासारखं आहे. कापसाच्या पऱ्हाट्या नाहीतर तुरीच्या तुराट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेणाचं लिपण करायचं. नुसत्या तुराट्या वाऱ्याने हलतात, नुसती माती पहिल्या पावसात ढासळते. हाडातल्या तुराट्या म्हणजे कोलॅजन नावाचं प्रथिन. त्याच्या जाळीवर कॅल्शियम आणि फॉस्फरसचं लिपण बसतं. वजनाने पाहिलं तर साधारण दोन तृतीयांश खनिज, बाकी बहुतेक कोलॅजन आणि पाणी. म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन हाड होत नाही. डाळ-अंडं पोटात गेलं नाही तर ते लिपण बसणार कशावर?

आणि कुडाला जशी दरवर्षी डागडुजी लागते, भेगाळलेलं खरवडून नवं लिंपावं लागतं, तशी हाडालाही लागते. काही पेशींचं काम जुनं हाड खरवडायचं, काहींचं नवं भरायचं. मोठ्या माणसात वर्षाला सुमारे 10 टक्के हाड असं नव्याने घडतं. पंचविशी-तिशीपर्यंत खरवडण्यापेक्षा भरणं जास्त असतं. त्यातही वयात येतानाची दोन वर्षं महत्त्वाची. मोठेपणी अंगात जेवढं हाड असतं, त्यातलं जवळपास पाव हाड या दोन वर्षांत तयार होतं. मुलींत ही वर्षं साधारण सातवी-आठवीच्या आसपास येतात. नेमकं याच वयात आपल्याकडे पोरीच्या ताटात दूध वाढणं थांबतं, कारण "पोट्टी आता लहान राहिली का?"

तिशीनंतर बेरीज-वजाबाकी सारखी होते, मग हळूहळू वजाबाकी वाढते. बाईच्या बाबतीत पाळी गेल्यावर पहिली पाच-सात वर्षं ही वजाबाकी फार जोरात चालते, कारण हाड राखणारं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. गावाकडे चाळिशीच्या आतच "पिशवी काढली" असं सांगणाऱ्या बाया खूप भेटतात. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर ही घसरण त्याच दिवसापासून सुरू होते. त्या ऑपरेशनचा कागद काढून वाचा. अंडाशयं ठेवली की काढली, ते त्यात लिहिलेलं असतं.

आता एक फसवी गोष्ट. "रक्तातलं कॅल्शियम तपासलं, नॉर्मल आलं" असं लोक निर्धास्तपणे सांगतात. ते नॉर्मल येणारच. हृदय धडधडायला आणि स्नायू आवळायला रक्तात कॅल्शियमची ठरावीक मात्रा लागते, त्यात कमीजास्त चालत नाही. जेवणातून आलं नाही तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड नावाच्या चिमुकल्या ग्रंथी हाडातून ते काढून रक्तात आणतात. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, त्यामुळे काढायला माल भरपूर असतो. रक्ताचा रिपोर्ट वर्षानुवर्षं छान येत राहतो आणि आतून कूड पोकळ होत जातो.

ताटाचा हिशेब

आजीचं रोजचं जेवण मला पाठ आहे. सकाळी कोरा चहा. मग ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी नाहीतर झुणका, मिरचीचा ठेचा. रात्री भाकर आणि तुरीचं वरण, कधी थोडा भात. या ताटाला मी नावं ठेवणार नाही, पोट भरणारं आणि सकस ताट आहे ते. फक्त त्यातलं कॅल्शियम मोजून पाहा. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात ते 30 मिलिग्रॅमच्याही आत असतं. दिवसभराच्या भाकरी, वरण आणि वांगी धरून बेरीज कशीबशी शंभर-दीडशेला पोचते. मोठ्या माणसाला रोज लागतं 1000 मिलिग्रॅम. अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि पाळी गेलेल्या बाईला 1200.

आणि घरात म्हैस होती! सरकी-ढेप खाऊन दोन्ही वेळा दूध देणारी. पण सकाळचं दूध डेअरीला, संध्याकाळचं हॉटेलवाल्याला, उरलंसुरलं नातवंडांना. आजीच्या वाट्याला कोरा चहा. दूध विकूनच किराणा येत होता, तेव्हा विकू नका असं म्हणणं सोपं आहे, करणं नाही. पण एक कप बाजूला काढणं जमण्यासारखं होतं. 200 मिलिलिटर दुधात साधारण 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. विरजण लावलं तर दह्यातही तेवढंच राहतं, आणि ज्यांना दुधाने पोट फुगतं त्यांना दही बहुधा सोसतं. ताकाचं मात्र पातळपणावर आहे. पाहुणा आला म्हणून अर्धा तांब्या पाणी ओतलं की कॅल्शियमही तेवढंच पातळ होतं.

दूध नसेल तर? मग तिळाकडे या. 100 ग्रॅम तिळात 1200 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. दोन चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम तिळातून सव्वाशेच्या आसपास मिळतं. पण हा कागदावरचा आकडा आहे. अख्खा तीळ बऱ्याचदा जसा गेला तसाच बाहेर येतो, आणि त्याच्या सालातलं बरंचसं कॅल्शियम शरीराला सोडवून घेता येत नाही. म्हणून भाजून कुटायचा. जवसाचंही तसंच. आपल्या विदर्भात जवसाची चटणी घरोघर होते. जवसात कॅल्शियम तिळापेक्षा बरंच कमी, पण चटणीत निम्मा तीळ घातला तर चवही बिघडत नाही. आमच्याकडे आता तशीच करतात. जवस आणि तीळ वेगवेगळे भाजायचे, कारण तीळ लवकर तडतडतो आणि जवसाच्या नादात करपतो. मग लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. मिक्सरमध्ये जास्त फिरवलं की तेल सुटून गोळा होतो.

शेवगा अंगणात असतो, आपण शेंगा खातो आणि पाला बकरीला घालतो. बकरी हुशार. शंभर ग्रॅम पाल्यात 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. मूठभर कोवळा पाला वरणात टाकला तर पोरांना कळतही नाही. पालकाचं मात्र फार कौतुक नको. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट नावाचं आम्ल ते असं धरून ठेवतं की शंभरातलं पाचेक टक्केच अंगी लागतं. दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास लागतं. पालक इतर गुणांसाठी खा, हाडांचा हिशेब त्याच्यावर मांडू नका. नाचणी आपल्याकडे फारशी पिकत नाही, पण तालुक्याच्या दुकानात मिळते. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या घरात कॅल्शियम असलेलं दुसरं धान्य नाही. ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा मिसळली तरी भाकर नीट थापता येते.

भंडारा-गोंदियाकडच्यांना वेगळी सोय आहे. मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावांतले बारके मासे आणि बाजारातली सुकट काट्यासकट, टरफलासकट खाल्ली जाते, आणि कॅल्शियम त्या काट्यांतच असतं. मोठ्या माशाचे काटे काढून ताटाबाहेर ठेवणाऱ्याला ते मिळत नाही.

धान्य-डाळींत फायटेट नावाचा आणखी एक अडवणारा असतो. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की त्याचा जोर कमी होतो. आंबिल करणाऱ्या बायांना हा शब्द माहीत नव्हता, पण काम त्या तेच करत होत्या.

प्रथिनांचं गणित याहून सोपं आहे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम. म्हणजे 50 किलोच्या बाईला साधारण 42 ग्रॅम. वर सांगितलेल्या ताटातून सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम मिळतात. तूट पंधरा ग्रॅमची. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम येतात. अंडं चालत नसेल तर वरण घट्ट करा, मूठभर भिजवलेले हरभरे खा. आणि आपल्या जिल्ह्यांत तर सोयाबीन पिकतं! पोत्यांनी पिकवतो, भाव पडला म्हणून रस्त्यावर येतो, पण घरात किलोभर ठेवत नाही. त्यात जवळपास 36 टक्के प्रथिन असतं, कॅल्शियमही बऱ्यापैकी. फक्त कच्चं दळायचं नाही. आधी उकळायचं, खडखडीत वाळवायचं, मग नऊ किलो गव्हात एक किलो या हिशेबाने दळायचं. न उकळलेल्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिन पचूच देत नाहीत.

कोलॅजन नीट विणायला क जीवनसत्त्व लागतं. वरुड-मोर्शीचं एक संत्रं, नाहीतर एक आवळा, एवढ्यावर भागतं. मिठाचं एकच सांगते. लोणचं, पापड आणि वरून मीठ जितकं जास्त, तितकं लघवीतून कॅल्शियम जास्त जातं.

कोवळं उन्ह आणि चुना

पोटात गेलेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात न्यायला ड जीवनसत्त्व लागतं. ते कमी असेल तर खाल्लेल्यातलं दहा-पंधरा टक्केच आत जातं, पुरेसं असेल तर तीस-चाळीस. आणि ते बनतं कातडीत, उन्हाने. उन्ह तर आपल्याकडे फुकट, मग विदर्भात ड कसं कमी पडेल? पण वावरात जाणारी बाई पाहा. डोक्यावर पदर, त्यावर शेला, अंगात नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. गाडीवरची मुलगी डोळे सोडून सगळी दुपट्ट्यात. उन्हाळ्यात त्याला इलाजही नाही, पारा 45 च्या वर असताना उन्हात बसा असं कोणी शहाणा माणूस सांगणार नाही.

सकाळचं कोवळं उन्ह अंगावर घ्या, असं घरोघर सांगतात. ते सुखाचं असतं, पण ड तयार करणारे किरण त्यात फारसे नसतात. साधी खूण आहे, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली पाहिजे. हिवाळ्यात अकराच्या पुढे ती तशी पडायला लागते. दिवाळीपासून होळीपर्यंत त्या वेळी हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून वीस-तीस मिनिटं अंगणात बसलं, तूर निवडली, तर दोन्ही कामं होतात. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा वेळ जास्तच लागतो.

डॉक्टर 60,000 युनिटचं ड जीवनसत्त्वाचं पाकीट देतात ते बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, आणि तेही ठरावीक आठवडेच. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी "ताकद येते" म्हणून ते सलग आठ दिवस घेतलं होतं. सुदैवाने निभावलं. पण असं फार दिवस चाललं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

मोबाइलवर फिरणारा दुसरा सल्ला म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाणे. चुन्यात कॅल्शियम आहे, खोटं नाही. पण तो जहाल अल्कली आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजते. दाण्याएवढा म्हणजे कोणाच्या दाण्याएवढा, हेही कोणी सांगत नाही. तंबाखूला लावलेला चुना तर निकोटिन मोकळं करून लवकर अंगात भिनवायचंच काम करतो. खर्रा घोटणारा एक जण मला म्हणाला होता, "ताई, माह्यं कॅल्शियम चालू हाय." सुपारी-तंबाखूने तोंड आखडून दोन बोटांएवढंच उघडायला लागलं की भाकरीचा घास तरी कसा जाणार?

"सरळ बस" म्हणून सरळ बसता येत नाही

डोकं साधारण पाच किलोचं. ते चोवीस मणक्यांच्या टोकावर तोलून धरायचं काम पाठीचे स्नायू दिवसभर करतात. स्नायू थकले की खांदे पुढे पडतात, मान पुढे येते. म्हणजे पोराला "सरळ काहून नाही बसत रे" असं दहा वेळा ओरडलं तर ते दहा वेळा सरळ होईल आणि अकराव्या मिनिटाला परत वाकेल. त्याला धरून ठेवणारी ताकद प्रथिनातून आणि वापरातून येते. एकाने भागत नाही.

मग वावरात राबणाऱ्या बाईची पाठ का वाकते? कापूस वेचताना पाहा. ओटी पोटाशी बांधलेली, तिच्यात बोंडाबोंडाने कापूस भरत जातो आणि वजन पुढे ओढतं. खालची बोंडं गुडघ्याएवढ्या उंचीवर. पाठीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत तासन् तास तोलत राहतात. धान रोवणाऱ्या बाईचं तर तोंड दिवसभर चिखलाकडे. कष्ट भरपूर, पण सगळे एकाच दिशेचे, आणि त्यांना पुरेल एवढं खाणं नाही. ओटी अर्धी भरली की रिकामी करणं, आणि दर ओळीच्या शेवटी कमरेवर हात ठेवून छाती उघडून दहा श्वास मागे झुकणं, याला पैसा लागत नाही. मुकादम ओरडतो, ते खरं.

जे मणके आधीच चेपले ते दुधाने परत उंच होत नाहीत. पण पुढचा मणका वाचतो. घरच्या म्हाताऱ्या माणसाला भिंतीला टाचा आणि ढुंगण टेकवून उभं करा. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, तर कण्याकडे पाहायला हवं. मग कुशीवर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बोटं ठेवा. दोन बोटंही मावत नसतील, किंवा तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने कमी झाली असेल, तर डॉक्टरांना एक्स-रेबद्दल विचारा. अशा माणसाने वाकून वजन उचलणं मात्र बंद. उकिडवं बसून, वस्तू पोटाशी धरून उठायचं, नाहीतर नातवाला हाक मारायची.

गरोदर बायांना सरकारी केंद्रातून चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. लोहाच्याही मिळतात. दोन्ही एकदम घशाखाली टाकू नका, कॅल्शियम लोहाला अडवतं. कॅल्शियमची जेवणासोबत, लोहाची वेगळ्या वेळी. आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

पाणीसुद्धा पाहा

हे मी शेवटी ठेवलं, पण यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांनी आधी वाचायला हवं होतं. या भागातल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर नको. वर्षानुवर्षं जास्त गेलं तर आधी पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. मग मोठ्यांची मान आणि कंबर आखडते, सांधे धरतात, पाठ वाकते ती सरळच होत नाही. हे हाड ठिसूळ होऊन वाकणं नव्हे, नको तिथे जाड आणि ताठर होणं आहे. एक्स-रेवर असं हाड दाट, पांढरं दिसतं, म्हणून "हाडं मजबूत आहेत" असा गैरसमज होऊ शकतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट घट्ट होतं. ताटात कॅल्शियम असलं तर आतड्यात ते फ्लोराइडला बऱ्याच अंशी धरून ठेवतं, म्हणजे इथेही दुधाचा कप कामाला येतोच. पण खरा उपाय पाणी बदलणं. हातपंपाचं पाणी तपासायला ग्रामपंचायतीला सांगा, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ते होतं. जवळ उथळ विहीर असेल तर तिचंही तपासून घ्या, बऱ्याचदा तिच्यात फ्लोराइड कमी निघतं.

आमच्या नव्या घरात फळी नाही, ओटा आहे. दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा असतात, तिथे दर दिवाळीला मी आईचीही खूण करते. ती चिडते, "मी का आता वाढून राहिली?" मग चप्पल काढून, पदर सावरून, टाचा चौकटीला लावून उभी राहते.